चौदा नंबरची मशीन

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो, जगातल्या यच्चयावत वाद्यांचा मी राजा. माझ्या डाव्या टोकाला ढगांचा गडगडाट, उजव्या टोकाला चिमण्यांची चिवचिव, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाच्या हृदयातली एकूण एक भावना पंच्याऐंशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ओळीने मांडून ठेवलेली. मोठमोठ्या महालांत माझ्यासाठी झुंबरे लागत आणि माझ्या नुसत्या हुंकाराने सरदारांच्या डोळ्यांत पाणी येई, असे मी ऐकून आहे. ऐकूनच आहे. कारण हिंगणघाटच्या ज्या कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत माझे आयुष्य गेले, तिथल्या यंत्रांच्या यादीत माझा नंबर चौदावा होता. तेरा नंबरला बॉयलरचा पंप होता आणि पंधरा नंबरला बैलांचा कडबा कापायची मशीन.

माझा जन्म विलायतेत झाला आणि तोही मारझोडीतच झाला. लाकडाला वाफ देऊन वाकवले, लोखंड वितळवून चौकट ओतली आणि तिच्यावर दोनशे अठरा तारा इतक्या ताणून बसवल्या की माझ्या पोटात सदैव पंधरा टनांची ओढाताण चालू असते. एखाद्या घरात एवढी ओढाताण असती तर भावाभावांत केव्हाच वाटण्या झाल्या असत्या. माझ्या आत पंच्याऐंशी हातोड्या आहेत. पट्टी दाबली की हातोडी उठते आणि तारेला हाणते. तार कळवळते आणि ऐकणारे माना डोलावतात. थोडक्यात सांगायचे तर मार खाल्ल्याशिवाय मला तोंडच फुटत नाही. म्हणून माझ्या हकिगतीत हाणामारी जरा जास्त आहे, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. अहिंसा शिकवणारा पवनारचा आश्रम आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरात बरेच काही घडून जाते.

मला हिंगणघाटला आणले एका गोऱ्या मॅनेजरने. त्याची बायको मला वाजवत असे. बिचारीला इथे करमत नसे. कापसाचे भाव पडले की साहेब घरी येऊन माझे झाकण आपटत. एका उन्हाळ्यात भाव फार पडले आणि झाकण आपटले तेव्हा तिची बोटे आत होती. दोन मोडली. त्यानंतर ती माझ्यासमोर बसली नाही. थोड्या दिवसांनी गाडीत बसली आणि गेली. माझ्या एका पट्टीच्या कडेला अजून एक तांबूस डाग आहे. घरातल्या मंडळींना तो कुंकवाचा वाटतो.

पुढे साहेब गेले, साहेबांचे राज्य गेले आणि फॅक्टरी विकायला निघाली. ती घेतली मोतीलालशेठच्या वडिलांनी. कागदावर लिहिले होते, ‘बॉयलर, जिन, पंप व इतर यंत्रे, एकूण नग एकवीस.’ म्हातारबा पक्के व्यापारी. त्यांनी स्वतः फिरून नग मोजले, ते वीसच भरले. मग बंगल्याच्या पुढच्या खोलीत मी उभा दिसलो. मला धरून एकवीस झाले, आणि त्या दिवसापासून मी यंत्र ठरलो.

आता यंत्र म्हटले की यंत्राचे सगळे कायदे आले. पहिला कायदा दसऱ्याचा. त्या दिवशी फॅक्टरीतल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचे, झेंडूची माळ चढायची आणि शेठजी स्वतः त्याच्यावर नारळ फोडायचे. बॉयलरवर नारळ पहिल्या फटक्याला फुटे. माझ्यावर तीन लागत. वडिलांच्या मागे मोतीलालशेठनी ही परंपरा निष्ठेने चालवली. माझ्या डोक्याच्या उजव्या कोपऱ्याला जो खड्डा आहे तो चाळीसेक दसऱ्यांचा आहे. नारळाचे पाणी आत झिरपून त्या कोपऱ्याखालच्या चार-पाच पट्ट्या गप्प झाल्या.

दुसरा कायदा असा की लहान मुलाने यंत्राला हात लावायचा नाही. जिनिंगमध्ये हा कायदा उगाच नव्हता. फिरत्या पट्ट्यात सापडून बोटे, हात, एकदा तर पोलक्यासकट एक अख्खी बाई गेलेली होती. म्हणून जे पोर यंत्राजवळ दिसेल त्याच्या कानाखाली आवाज निघे. मोतीलालशेठचा मुलगा भूपेंद्र सात वर्षांचा असताना त्याने माझी एक पट्टी दाबली. मी बोललो. भूपेंद्र हसला. दुसऱ्या क्षणी त्याच्या गालावर अशी चपराक बसली की माझ्या तारासुद्धा आतल्या आत झणझणल्या.

“मशीन है ये! हात जायेगा तेरा!” शेठजी ओरडले.

माझ्यात हात जाणार कुठे, हे भूपेंद्रला कळत नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. तो आणखी चार वेळा आला आणि चार वेळा मार खाऊन गेला. पाचव्यांदा आला तेव्हा त्याने मला लाथ मारली. ती मात्र कोणाला दिसली नाही.

तिसरा कायदा तेलाचा होता. आणि तेलाचे खाते कवडूकडे होते.

कवडू फॅक्टरीचा फिटर. अंगाने काटकुळा, कानावर विडी, हातात लांब नळीची तेलाची बुधली. लेथवर असा हात की केसाएवढा फरक नुसत्या नखाने ओळखायचा. दर शनिवारी तो एक नंबरपासून तेल द्यायला सुरुवात करी आणि दुपारी बंगल्याच्या मागच्या दाराने माझ्याकडे येई. माझी वरची फळी उघडली की आत तारा ताणून धरणाऱ्या दोनशे अठरा लोखंडी खुंट्या ओळीने उभ्या दिसत. कवडूने पहिल्याच दिवशी त्या पाहिल्या आणि म्हणाला, “अरे बाप्पा! एवढे बेअरिंग? आन् एकालेही तेल नाई!” मग एकेका खुंटीच्या बुडाशी एकेक थेंब. एक चुकवायचा नाही. फडक्याने पुसायचे आणि माझ्या अंगावर थाप मारून विचारायचे, “काऊन बे चौदा, बरा हायस ना?”

मित्रांनो, त्या सबंध घरात माझ्याशी बोलणारा तो एकटा होता. दसऱ्याला मात्र तो नसे. त्या दिवशी तो घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाई. परत आल्यावर माझ्या कोपऱ्यावरचा नवा घाव पाहून तो जीभ चुकचुकवी आणि त्यावर दोन थेंब जास्त सोडी. अशी तीस वर्षे गेली. माझा आवाज दिवसेंदिवस उतरत चालला होता, पण मला वाजवतच कोणी नव्हते, तेव्हा उतरला काय नि चढला काय. शेठाणी सुलोचनाबाईंना मी फार सोयीचा होतो. माझी उंची त्यांच्या खांद्याइतकी. दरवर्षी कैरीचे लोणचे घातले की त्या बरणी माझ्या डोक्यावर ठेवत. मुंग्या चढत नाहीत म्हणत. मुंग्यांना तेलाचा वास आवडत नसावा.

एकोणीसशे शहाण्णव साली फॅक्टरी बंद झाली. एका शनिवारी सकाळी माणसे कामावर आली तर मोठ्या फाटकाला आतून अडसर घातलेला. हंगाम संपायचा होता, कोणाला आधी सांगितले नव्हते, आणि आत जाता येत नव्हते. शंभर-सव्वाशे माणसे बाहेर उभी. नऊपर्यंत बोलणी झाली, दहापर्यंत शिव्या झाल्या आणि साडेदहाला पहिला दगड आला. पुढच्या खोलीची काच फुटली. शेठजींनी आणि दरवान गुलाबने मला ढकलत नेऊन खिडकीला लावले. तेव्हा त्या लढाईत माझा हुद्दा भिंतीचा होता. नऊ दगड माझ्या पाठीत बसले. दहावा वरून आला आणि लोणच्याची बरणी फुटली. सुलोचनाबाई अशा रडल्या की बाहेरच्यांना वाटले कोणीतरी गेले.

मला बाहेरचे दिसत नव्हते, पण ऐकणे हाच माझा धंदा. फाटकापाशी कवडूचा आवाज आला. तो दगड मारत नव्हता. तो म्हणत होता, “शेटजी, भांडन मंग करू. आज शनिवार हाय, मशीनीले तेल द्या लागते. मले एकट्यालेच आत घ्या.” हातात बुधली होती म्हणे. पण घाबरलेल्या माणसाला सगळ्यात पुढे उभा असलेला माणूस सगळ्यात मोठा दुश्मन वाटतो. शेठजींचा एक हात माझ्या डोक्यावर होता. ते फुटक्या खिडकीतून ओरडले, “मारो! पहले उस कवडू को मारो!”

गुलाबने फाटकातले छोटे दार उघडून हुकूम पाळला. लाठी डोक्यावर बसल्याचा आवाज मी ओळखतो; तो कोरड्या लाकडावर हातोडी बसल्यासारखा असतो. त्यानंतर पत्र्याची बुधली फरशीवर घरंगळत गेली. कवडूला अकरा टाके पडले आणि त्याचा डावा कान गेला. दोष गुलाबवर आला, गुलाबला काढून टाकले, आणि त्या गोंगाटात हुकूम कोणी दिला ते गुलाबखेरीज फक्त मला, सुलोचनाबाईंना आणि शेठजींना ठाऊक होते. निदान आम्हाला तसे वाटत होते.

नंतरची सात वर्षे मला कोणी मारले नाही. फार वाईट वर्षे गेली. उंदरांनी माझ्या हातोड्यांची लोकर कुरतडून पिले वाढवली. अंगावर पोती, जुन्या वह्या, मोडका कूलर. माझ्या डोक्यावर दुसरी बरणी आली.

आणि मग आचल आली. म्हणजे ती घरातच होती, भूपेंद्रचीच मुलगी, पण माझ्यापर्यंत आली तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतल्या सिस्टर तिला छोट्या इलेक्ट्रिकच्या पेटीवर शिकवत. त्या पेटीच्या पट्ट्या लवकर संपायच्या आणि हिची बोटे पुढे हवेतच चालायची. सिस्टरनी सांगितले होते, “याच्यापुढचं खऱ्या पियानोवरच शिकवता येईल, बेटा. तो इथे कुठे मिळणार?” एका दुपारी आचलने कूलर ओढला, पोती खेचली, झाकण उघडले आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की मला माझ्या दातांची लाज वाटली. तिने पट्टी दाबली. माझ्या तोंडून जे निघाले ते पत्र्याच्या डब्यावर मांजर पडल्यासारखे होते. ती हसली.

पाठीमागे भूपेंद्र उभा होता. त्याचा हात उठला आणि तिच्या गालावर बसला. “मशीनला हात लावायचा नाही!” तो ओरडला. त्यानंतर तो स्वतःच जरा वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिला. तो आवाज मी तीस वर्षांपूर्वी ऐकला होता.

भूपेंद्रला फॅक्टरीच्या जागेवर मोटरसायकलींचे शोरूम काढायचे होते. दसऱ्यानंतरच्या सोमवारी भंगारवाला चिंधू ट्रक घेऊन आला. त्याच्या हातात तीच जुनी यादी होती. बारा नंबर गेला, तेरा नंबर गेला. चौदा नंबर दारातून बाहेर निघेना.

“तोडून नेतो, भैयाजी,” चिंधू म्हणाला आणि त्याने घन उचलला.

पहिला घाव माझ्या डाव्या पायावर बसला. पाय मोडला, मी तिरपा झालो आणि माझ्या सगळ्या तारा एकदम ओरडल्या. चिंधूने आयुष्यात बॉयलर फोडले होते, ट्रकच्या ट्रक कापले होते, पण मारल्यावर असे ओरडणारे भंगार त्याने पाहिले नव्हते. तो दोन पावले मागे सरला. “याच्यात कोनी हाय का जी?” त्याने विचारले.

“हाण!” भूपेंद्र म्हणाला.

घन पुन्हा उठला. तेवढ्यात आचल शाळेच्या गणवेशात धावत आली. चिंधूला सोडून ती सरळ बापाकडे गेली आणि तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. साधासुधा नव्हे. रक्त आले तरी सोडेना. भूपेंद्र ओरडतोय, सुलोचनाबाई तिची वेणी ओढताहेत, चिंधू घन डोक्यावर धरून तसाच उभा, आणि मी तीन पायांवर झणझणतोय. शेवटी मोतीलालशेठ काठी टेकत आले.

“दादाजी,” आचल तोंड पुसत म्हणाली, “हा बनतो. मी विचारलं, सिस्टर म्हणाल्या दुरुस्ती होते. तोडू नका ना.”

शेठजींनी तिच्या गालाकडे पाहिले, भूपेंद्रच्या मनगटाकडे पाहिले. बोटांचे वळ अजून पुरते गेले नव्हते आणि दातांचे ताजे होते. “दिवाळीपर्यंत थांब, चिंधू,” ते म्हणाले. “बनला तर पोरीचा. नाई बनला तर तुझा.”

तर असे माझे मरण दिवाळीपर्यंत लांबले.

नागपूरहून नत्थूजी आले. चर्चमधले पियानो सुरात लावणारे गृहस्थ, मऊ बोलणारे, खिशात सुपारीची डबी. त्यांनी माझी वरची फळी काढली, एका खुंटीला चावी लावली आणि फिरवली. खुंटी फिरली. हात काढला. खुंटी आपोआप परत फिरली. त्यांनी बोटाने बुडाशी पुसले, बोट नाकाशी नेले आणि चष्मा काढला.

“यात तेल कोनी घातलं?”

भूपेंद्र वाकून आत पाहू लागला.

“पाय जोडता येते. उंदरानं खाल्लेलं भरता येते. पाठीतले दगड तर काहीच नाई,” नत्थूजी म्हणाले. “पन या खुंट्या आतल्या फळीत नुसत्या कोरड्या लाकडाच्या पकडीवर उभ्या असतात. ना नट, ना स्क्रू. त्या फळीले तेल पाजलं की पकड गेली. पियानो कोनी घनानं मारला तरी वाचतो, तेलानं नाई वाचत. कोन होता तो मानूस?”

“कवडू,” भूपेंद्र म्हणाला, आणि मनगटाला पट्टी बांधलेली असूनही पोट धरून हसला. “तीस साल! दर शनिवारी!”

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळले. चपराका, दगड, नारळ, घन, हे सगळे मी वरच्या अंगाने झेलले होते. माझा जीव ज्याने घेतला तो मला दर शनिवारी “बरा हायस ना” विचारणारा होता.

नत्थूजींनी उपाय सांगितला. फळी नवी बसवायची. मात्र लाकूड जुने, चिवट आणि खडखडीत वाळलेले हवे, आणि दोनशे अठरा भोके केसाचाही फरक न पडता पाडणारा हात हवा. असा हात हिंगणघाटात एकच होता. “तो येनार नाई,” शेठजी एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आचल सायकल घेऊन कवडूच्या घरी गेली. तिथे काय झाले ते तिनेच मला नंतर सांगितले. तिला गोड बोलायचे होते, पण पोर सरळ बोलून बसली, “कवडूबाबा, तुमच्या तेलाने आमचा पियानो मेला.”

संध्याकाळच्या आत कवडू बंगल्यावर हजर. सात वर्षांनी. डोक्याला पांढरी पडलेली खूण, हातात लाठीएवढी काठी, चेहरा लालबुंद. शेठजी खुर्चीतून उठू लागले, त्यांना वाटले आता आपले भरले. पण कवडू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे आला.

“माह्या तेलानं मशीन खराब झाली म्हनते कोन?” तो गरजला. “छप्पन साली बसवलेला पंप फॅक्टरी बंद होईस्तोवर चालला माह्या तेलावर! कोन हाय तो नागपूरवाला? समोर ये म्हना!”

नत्थूजी समोर आले. त्यांनी चावी कवडूच्या हातात दिली आणि खुंटी दाखवली. कवडूने फिरवली. मग चावी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी फिरवली. मग दुसरी. मग तिसरी. मग खालच्या फळीला नख लावून पाहिले. नखावर काळे तेल आले.

तो माझ्यासमोर खाली बसला. काठी पडली.

“चौदा,” तो म्हणाला, “मी तुले जहर पाजून राह्यलो होतो का रे?”

मला बोलता येत असते तर मी नाही म्हटले असते.

सुलोचनाबाईंनी पाणी आणले. कवडूने ते घेतले, प्यायला आणि पहिल्यांदा शेठजींकडे वळला. “फळी मी बनवतो. लाकूड मले पायजे ते द्या लागते. मोठ्या फाटकाचा अडसर.”

“अडसर? अरे, सागवान आणून देतो ना नवा.”

“अडसर धावड्याचा हाय. साठ सालं वाळला. त्याच्यावानी लाकूड भेटत नाई.”

“मग फाटक उघडं राहील.”

“राहू द्या. आता आत चोरासाठी ठेवलं काय हाय?” कवडू म्हणाला. मग त्याने आपला डावा कान बोटाने दाखवला. “शेटजी, हा कान मंग गेला. त्या दिवशी ‘मारो’ म्हनल्याचं याच कानानं आयकलं मी. हे शेवटचं आयकलं यानं.”

माझ्या पोटातली एक सैल तार आपणहून टणकली. भूपेंद्र बापाकडे पाहत होता. त्याला आजवर गुलाबच माहीत होता.

“हो,” मोतीलालशेठ म्हणाले. “मीच म्हनलो.”

ते उठले आणि फाटकाकडे गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्याने एकट्याने तो अडसर उपसायला घेतला. अडसर सुटला तो त्यांना घेऊनच खाली आला. गुडघे फुटले, कोपर सोलले. कवडू दारात उभा राहून पाहत होता. मदतीला गेला नाही आणि दुसऱ्या कोणाला जाऊही दिले नाही. शेठजी दोनदा थांबले, पण अडसर खोलीपर्यंत ओढत आणला.

मग माझी चिरफाड सुरू झाली. आचल दाराशी बसून पाहायची. तारा उतरवताना एक तुटली आणि नत्थूजींच्या कपाळावर चाबकासारखी बसली. कपाळ फाटले, त्यांनी त्यावर सुपारीच्या डबीतला चुना लावला आणि काम चालू ठेवले. जुनी फळी छिन्नीने तोडून काढली. तिचा तेलाने काळा झालेला तुकडा कवडूने रुमालात बांधून घेतला. कशाला ते सांगितले नाही. अडसर करवतीने उभा चिरला, रंधला, चिकटवला. भोके पाडायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत कवडूने एक विडी ओढली नाही.

सातव्या दिवशी खुंट्या ठोकायच्या होत्या. खुंटीला तार गुंडाळायची, ती भोकावर सरळ धरायची आणि वरून हातोडीने घाव घालायचा. कोणीतरी धरायला हवे होते. भूपेंद्र पुढे झाला.

“तू नाई,” कवडू म्हणाला. “शेटजी, खुंटी तुमी धरा.”

शेठजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पहिली खुंटी दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले.

“डोये उघडे ठेवा. वाकडी जाईन.”

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ मार पाहिला, पण असा नाही. कवडू हातोडी खांद्यापर्यंत उचलायचा. प्रत्येक वेळी शेठजींच्या बोटांपासून एका पेरावर लोखंड यायचे. धाड. दुसरी. धाड. घाम कवडूला येत नव्हता, शेठजींना येत होता. पन्नास झाल्या. शंभर झाल्या. चिंधू भंगाराची चौकशी करायला आला होता, तोही दारात बसून मोजू लागला. एकशे सत्तेचाळिसाव्या खुंटीला हातोडी सुटली आणि शेठजींच्या अंगठ्यावर बसली. नख जागच्या जागी काळे झाले.

“चुकली,” कवडू म्हणाला.

“हो,” शेठजी म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने खुंटी धरली.

बाकीचे दोनशे सतरा घाव अगदी नेमके बसले. तो एकच कसा चुकला, हे कवडूला विचारायची हिंमत कोणी केली नाही. नत्थूजी एवढेच म्हणाले की त्या खुंटीची पकड सगळ्यात पक्की आहे.

धनत्रयोदशीला मी सुरात आलो. आचलने स्टुलावर उशी घेतली, दोन्ही हात ठेवले आणि डावीकडून उजवीकडे चालत गेली. तिची बोटे चालत राहिली आणि या वेळी पट्ट्या संपल्या नाहीत. कवडू उजवा कान माझ्या अंगाला लावून उभा होता. चिंधूने यादीतला चौदा नंबर थुंकी लावून पुसला. आतल्या खोलीतून भूपेंद्र ओरडला, “आवाज कमी कर जरा, मोबाईलवर ऐकू येत नाही!”

पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना तोच आला. उभ्याउभ्या त्याने एक पट्टी दाबली. मी बोललो. त्याने चटकन मागे वळून पाहिले, गालावर हात ठेवून. मागे कोणी नव्हते. मग त्याने आणखी एक दाबली.

आता कवडू दर शनिवारी येतो. येताना हातात कोरडे फडके असते. दाराशी तो आधी आचलला विचारतो, “काय करू बाई याले?” ती सांगते तेवढेच करतो. दसऱ्याचा नारळ कुठे फोडायचा, हे अजून ठरलेले नाही, पण त्यावर घरात चर्चा होते, हेही काही कमी नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारख्याने शेवटी सांगायचे असते. मीही सांगतो. फक्त काळजी घ्यायच्या आधी समोरच्याला काय लागते ते विचारा. त्याला बोलता येत नसेल तर जाणत्याला विचारा. मारणारा हात लांबून दिसतो, तेव्हा अंग चोरता येते. माया करणाऱ्या हातापुढे अंग चोरता येत नाही. आणि आपल्याला बसलेली चपराक पुढे कोणाला तरी देऊनच फिटते, असेही नाही. ती आपल्यापाशी ठेवून घेता येते. एवढे तुम्ही ध्यानात ठेवलेत तर माझ्या दोनशे अठरा तारांचे कळवळणे सार्थकी लागले, असे मी समजेन.

बाकी हे सगळे राहिले तरी चालेल. सध्या एकच करा. यंदाचे कैरीचे लोणचे कालच घालून झाले आहे आणि सुलोचनाबाईंनी बरणी सवयीने माझ्या डोक्यावर ठेवली आहे. बरणीच्या बुडाला बारीक चीर आहे. त्यातून फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, तेल पाझरायला लागले आहे. आत्ता ते वरच्या फळीच्या फटीपर्यंत पोचले, आणि फटीखाली पहिलीच खुंटी आहे. घरात कोणी नाही. तुमच्यापैकी कोणी इकडून जाणार असेल तर तेवढी बरणी उचलून खाली ठेवाल का?